शनिवारच्या रेघा

माणूस मेला तर निदान त्याच्या फोटोकडे बघून दोन शिव्या तरी घालता येतात. आमच्या मास्तरांनी तीही सोय ठेवली नाही. कापड कापता कापता टेबलावर आडवे झाले, डोक्यात रक्ताची गाठ निघाली, महिनाभर दवाखान्यात राहिले आणि घरी आले ते भलतंच कुणीतरी होऊन. नाव आठवेना, दुकान आठवेना, पोटची मुलगी आठवेना. मला म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच माझ्यासाठी त्रास घेता."

बाई! आणि तुम्ही! एकतीस वर्षांत या माणसानं मला 'ए'च्या पुढे हाक मारली नव्हती.

आमचं शिवणाचं दुकान पुढे, राहायची खोली मागे. मास्तर कापायचे, मी शिवायचे. कापायच्या टेबलामागच्या भिंतीवर ते खडूनं रेघा ओढायचे. माझ्याकडून टीप वाकडी गेली, एक रेघ. काज सैल झालं, एक रेघ. गिऱ्हाईक कपडे परत घेऊन आलं, दोन. शनिवारी दुकान बंद झालं की मापाचा लाकडी गज हातात घ्यायचे. जेवढ्या रेघा, तेवढे फटके. मोजायचे मीच, मोठ्यानं, आणि चुकले तर पुन्हा एकपासून. शेवटी ओल्या फडक्यानं भिंत पुसायची, तीही मीच. रागाच्या भरात मारणारा नवरा परवडला, त्याला मागाहून वाईट तरी वाटतं. आमच्या मास्तरांना कधी राग यायचाच नाही. लग्नाच्या अकराव्या वर्षी माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं. दवाखान्यात त्यांनी सांगितलं, दारात सापडलं. मीही मान हलवली. ते बोट अजून वाकडं आहे, कापड धरताना मध्ये येतं.

मला सोनंनाणं नको होतं. एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, 'मी मारलं, माझं चुकलं.' म्हातारपणी माझ्या आधारानं चालायला लागतील ना, तेव्हा वदवून घेईन, असं मनाशी धरून मी दिवस काढले. आणि ती वेळ आली तर हा गडी करून सवरून नामानिराळा!

घरी आणल्यावर आठवडाभरानं मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते ढसाढसा रडले. "अरेरे, काय माणूस होता तो! हवं तर मी माफी मागतो तुमची."

हवं तर! चालताना कुणाच्या पायावर पाय पडावा, तशी माफी.

"होता काय? अरे, तूच तो!" मी म्हटलं. त्या दिवसापासून माझं 'अहो' संपलं.

मुलगी बापामुळे नऊ वर्षं घराची पायरी चढली नव्हती. दुखणं कळल्यावर आली. बापानं तिला खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, "दमली असशील पोरी," म्हणाला. झालं, पाघळल्या बाईसाहेब! मला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, ते बाबा गेले गं. हे वेगळे आहेत. आता सोडून दे."

"गेले? मला न विचारता कसे गेले?"

"मी यांना माझ्याकडे नेते. पुढच्या महिन्यात, पहिल्या रविवारी. तुलाही विश्रांती."

म्हणजे माझ्या हातात चार शनिवार उरले.

रोज सकाळी मी त्याला जुनं सगळं शिकवायचे, संध्याकाळी पालथ्या घड्यावर पाणी. मग मला मास्तरांचंच एक वाक्य आठवलं. नवी नवरी होते, सुईत दोरा ओवता येत नव्हता, तेव्हा म्हणाले होते, "डोक्यात ठेवलेलं विसरतं. अंगात मुरलेलं विसरत नाही." आणि गजाची कड माझ्या बोटांच्या पेरांवर हाणली होती. खरं होतं त्यांचं. शिकले की मी.

मी खडू उचलला. याला बटणं लावायला बसवलं, शिवण उसवायला बसवलं. दोरा तुटला, एक रेघ. बटण खालीवर झालं, एक रेघ. शनिवारी दुकान बंद केलं, त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि गज काढला. "मोज. हे असं व्हायचं. असं." पहिला फटका हलकाच मारला. तिसरा नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. सहापर्यंत त्यानं नीट मोजले आणि मग विचारलं, "बाई, आता भिंत पुसू का?"

दुसऱ्या शनिवारी त्याला रेघांचं आठवत होतं. तिसऱ्या शनिवारी मी त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट टेबलाच्या कडेवर ठेवलं. "इथे. असं." मोडलं नसावं, पण वांग्यासारखं सुजलं. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता आपणहून म्हणाला, "दवाखान्यात दारात सापडलं असं सांगितलं होतं. खोटं होतं ते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आला! इतक्या दिवसांनी माझा माणूस परत आला! किती छळलं होतं मेल्यानं, आणि मी त्याची अशी वाट बघत होते.

चौथ्या शनिवारी भिंत पुसू दिली नाही. मुलीला दाखवायची होती.

रविवारी सकाळी ती रिकामी बॅग घेऊन आली. मी म्हटलं, "नेशील गं. आधी पाच मिनिटं बस. तुझे बाबा काहीतरी सांगणार आहेत." तिला खुर्चीत बसवलं आणि याला टेबलापाशी उभं केलं. "सांग. शनिवारी काय व्हायचं?"

तो सांगायला लागला. काय सांगितलं म्हणून सांगू! वाकडी टीप, सैल काज, परत आलेलं गिऱ्हाईक. बंद दुकान. फटका पडल्यावर आधी थंड लागतं आणि मग भाजतं, हेही. मोजताना चुकलं की पुन्हा एकपासून. बोट. दवाखाना. कुठे अडखळला नाही. मुलीनं तोंडावर हात धरला होता, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एकतीस वर्षं मी या मिनिटासाठी थांबले होते.

"आणि मारायचं कोण?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. भीत भीत, हळूच म्हणाला, "तुम्ही."

"नीट आठव!"

"आठवतंय ना. सगळं आठवतंय." त्यानं आपलं सुजलेलं बोट मुलीपुढे धरलं. "हे बघ. लग्नाचं अकरावं वर्ष होतं तेव्हा."

चोराच्या उलट्या बोंबा, असं ओरडणार होते. पण तो खोटं बोलत नव्हता. मी शिकवलं तेच तो म्हणत होता. मार खाणाऱ्याचं मला जेवढं ठाऊक होतं, तेवढं सगळं मी त्याच्या अंगात मुरवलं. मारणाऱ्याला आतून काय वाटतं, ते मला कुठे ठाऊक होतं शिकवायला?

मुलीनं उठून त्याचा सदरा वर केला. पाठभर वळ होते.

"आई, काय आहे हे?"

"तुझ्या बापाला आठवण करून देत होते."

"त्यांनी मारलं तेव्हा समोर तू होतीस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, बापावरच गेलीय. "तू मारलंस तेव्हा समोर कोण होतं?"

मी म्हटलं, "गज तोच होता."

तिनं त्याचे चार कपडे बॅगेत कोंबले, औषधं घेतली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी दार अडवून उभी राहिले. "एकदा म्हण रे! खोटं म्हण, पण एकदा म्हण. मी मारलं, म्हण!"

तो थांबला. मुलीचा हात थोपटून म्हणाला, "पोरी, त्यांच्यावर रागावू नकोस. एकतीस वर्षं झाली आता. मी माफ केलंय त्यांना."

गाडी गेल्यावर मी दुकानाचं दार लावून घेतलं. भिंतीवर कालच्या सात रेघा तशाच होत्या. फडकं ओलं केलं आणि पुसायला घेतल्या. पुसायचं काम पहिल्यापासून माझंच.