डबीत भरायचं काम

“काका, ह्यात दोराच जात नाही हो.” मासेमारीच्या सामानाच्या दुकानदारानं गळ दिव्यासमोर धरला. “गिऱ्हाईक गुडघाभर गार पाण्यात उभं राहून नेढं शोधत बसलं. अख्खा डझन परत आणून आपटला माझ्यापुढे.”

घड्याळवाले काका तडकले. चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेल्या माणसानं गळाच्या नेढ्यावरून ऐकून घ्यायचं म्हणजे काय! “तीस वर्षं तुला गळावर हे निंफ, हे खोटे किडे बांधून देतोय. कधी एक तरी तक्रार आली? तू देतोस ते व्हार्निशच भिकार असणार.”

“पहिलीच आली, म्हणून तर सांगतोय.” काकू जाऊन तीनच महिने झाले होते, त्यामुळे दुकानदारानं वाद न वाढवता परत आलेला डझन त्यांच्या हातात दिला.

घरी येऊन काकांनी टेबलावरच्या शिकंजात कोरा गळ अडकवला, डोळ्याला भिंग लावलं. वजनासाठी तांब्याची तार गुंडाळली. तपकिरी पिसाचे चार तंतू मागे शेपटीसारखे सोडले, बाकीचे अंगावर लपेटले. पुढे जाडसर खांदा, त्यापुढे गाठ, गाठीवर व्हार्निशचा थेंब. पाण्यातला किडा समजून ट्राउट माशानं गपकन गिळावा असा झाला. मग एरवी कधीच न केलेली गोष्ट त्यांनी केली. वाळल्यावर तो उजेडाकडे धरून पाहिला.

नेढं बुजलेलं होतं.

दुसरा बांधला. तोही तसाच. हात तोच, व्हार्निश नेहमीचंच, थेंबही तेवढाच.

बांधलेले गळ डबीत भरायचं काम काकूंचं. बारा गळ भरायला ती स्वयंपाकघरात अर्धा तास लावायची आणि काका बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, “झालं का गं? एवढ्यात मी आणखी चार बांधले असते!”

“होतंय हो. माझे हात काही तुमच्यासारखे नाहीत.”

काकांनी तिचा शिवणाचा डबा उघडला. रिळांच्या मधे, बुचाच्या तुकड्यात एक सुई वेगळी टोचून ठेवलेली होती. टोकावर वाळलेल्या व्हार्निशचा जाड, काळपट थर.

तीस वर्षं, आणि एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर आपण ऐकून घेतलं असतं का? छे, वर तिलाच चार शब्द सुनावले असते. ते ती पुरतं ओळखून होती, आणि त्याचंच काकांना रडू आलं.

मग परत आलेला डझन घेऊन ते स्वयंपाकघरात तिच्या जागेवर बसले. सुई नेढ्यात घालायची, हलकेच फिरवायची, फुंकर मारायची, गळ डबीत ठेवायचा. दोनदा बोटाला टोचलं. बारा गळ भरायला अर्धा तास लागला.

बाहेरच्या खोलीतून कुणी ओरडलं नाही.