घाबरल्यावर दाबायचं बटण

मी एक बटण बोलतोय. तोंड फार न उघडता बोलतोय, कारण मला तशी सूचना आहे. कुणाची, ते पुढे येईलच.

खरं सांगायचं तर मी बटणसुद्धा नाही. मी ज्या जपानी स्पोर्ट्स कारमध्ये राहतो, ती तीन प्रकारांत निघाली. बेस, मधली आणि टॉप. तिघी दिसायला सख्ख्या बहिणी. पण टॉपला लाल बॅज, मागे पंख, चाकांच्या आत लाल ब्रेक, आणि डॅशबोर्डवर 'स्पोर्ट' नावाचं बटण. ते दाबलं की गाडी गुरगुरते. बेसला ते बटण देत नाहीत. मग तिथे भोक राहतं. भोक बरं दिसत नाही म्हणून त्यावर एक काळं झाकण बसवतात.

तो मी. मागे वायर नाही, आत दिवा नाही. प्लास्टिकच्या दोन कानांवर लटकलेलो. कान तुटले की सीटखाली, आणि सीटखालून थेट व्हॅक्यूम क्लीनरमध्ये. या विचाराने मला कारखान्यातच घाम फुटला होता.

आमच्या मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. अक्कलदाढ उपटताना हात हलत नाही, पण स्टिअरिंगवर बसल्या की थरथर. गाडी त्यांनी रंग बघून घेतली. शोरूममध्ये माझ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे कशाचं?"

सेल्समनला जेवायला जायची घाई होती. "मॅडम, हे घाबरल्यावर दाबायचं."

झालं. चढ आला, दाब. मागे ट्रक लागला, दाब. पोलिसाने नुसतं बघितलं तरी दाब. इतकी वर्षं गाडीला एक ओरखडा नाही. बाई खूश, आणि माझा जीव टांगणीला. ज्या दिवशी यांना कळेल की मागे वायरच नाही, त्या दिवशी काय?

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी भाच्याकडे आली. त्याला मित्र टर्बो म्हणतात. टर्बोला बेस गाडीची लाज वाटायची. त्याने लाल बॅज चिकटवला, मागे पंख ठोकला, ब्रेक नेलपॉलिशने रंगवले. माझ्या तोंडावर 'स्पोर्ट' असं स्टिकर मारलं. गाडी तिघींपैकी कुठली ते सांगणारी पट्टी दाराच्या कडेला असते, पण ती मावशीने स्पिरिटने पुसून पुसून आधीच कोरी करून ठेवली होती. गाडी टॉप झाली. मी दुप्पट खोटा झालो.

गुडघा काही ऐकेना, तेव्हा मावशीने गाडी विकायचं ठरवलं. एकच अट. गाडी चालती राहिली पाहिजे.

एक मिशीवाले गृहस्थ आले. म्हणाले, "फुलासारखी जपतो." बॅज बघितला, पंख हलवून बघितला, ब्रेककडे वाकून बघितलं. मग आत बसून दार लावलं आणि फोन काढला.

"टॉप आहे रे. उद्याच कापू. गिअरबॉक्स तुझा, सीट दाढीवाल्याला, उरलेलं भंगारात."

माझं काळं तोंड पांढरं पडलं. काच बंद होती. बाहेर मावशी गाडीच्या टपावरून हात फिरवत होती. हे ऐकलं होतं फक्त मी, आणि मला तर ओरडताही येत नाही.

मला एकच गोष्ट येत होती, आणि जन्मभर मी तीच टाळली होती. पडलो तर गाडी बेस आहे हे उघड, आणि बेसचे सुटे भाग कोण विकत घेतो? म्हणजे गाडी वाचेल. पण वायर नाही हेही उघड. मावशीसमोर!

मिशीवाल्याने दार उघडलं, इंजिन सुरू केलं, जोरात रेस दिली. डॅशबोर्ड थरथरला. माझा एक कान मावशीच्या दाबण्याने कधीच गेला होता. मी डोळे मिटले, दुसरा सोडला आणि थेट त्याच्या मांडीवर पडलो.

"हे काय?"

"स्पोर्ट बटण," टर्बो म्हणाला.

"मांडीवर असतं होय?" मिशीवाल्याने भोकात बोट घातलं. "आणि वायर?"

"वायरलेस आहे."

मिशीवाला खाली उतरला आणि ब्रेकवरून नख फिरवलं. नेलपॉलिश निघालं. "अरे लबाडा, बेस आहे ही! ही कापून मी करू काय?"

"कापून?" मावशी पुढे आली.

"मग काय, फ्रेम करून भिंतीला लावतात?"

"निघा तुम्ही. आणि माझं बटण द्या इकडे."

"बटण कसलं, मॅडम? नुसतं झाकण आहे. दाबून काही होत नाही."

झालं. मी त्याच्या तळहातावर गार पडलो.

"माहितीय मला," मावशी म्हणाली.

टर्बोने आ वासला. माझंही तेच झालं असतं, सोय असती तर.

"मी पेशंटला सांगते, डावा हात पोटावर घट्ट धरा, म्हणजे दाढ दुखणार नाही. पोटाचा आणि दाढेचा काय संबंध?"

मिशीवाल्याने स्वतःच्या पोटाकडे बघितलं. "नसतो? माझ्या डॉक्टरने पण धरायला लावला होता."

"दुखलं?"

"नाही."

"मग झालं तर."

गाडी मावशीनेच घरी नेली, गुडघ्यासकट. टर्बो मागे बसला होता. चढ आला तेव्हा तिने रिकाम्या भोकावर अंगठा ठेवला.

दवाखान्याच्या दारात गाडी लावून तिने मला दाढ भरतात त्या सिमेंटने परत भोकात बसवलं. स्टिकर खरवडून टाकलं. आता मी पडू शकत नाही. तुमच्या गाडीत असं एखादं काळं झाकण असेल, तर जाता-येता दाबत जा. काही होणार नाही. पण भीती आम्हालाही वाटते हो.

सिमेंट भरल्यावर मावशी सवयीने म्हणाली होती, "तोंड फार उघडू नकोस, आणि तासभर काही खायचं नाही."

तास कधीच संपला असेल. पण मी अजून काही खाल्लेलं नाही. उगाच कशाला?