ऐनाची उंची

सकुकाकींच्या घरामागचा ऐन यंदा पाडायचा ठरला. बुंधा आतून पोखरला होता, आणि पावसाळ्यात तो घराकडे थोडा कलला होता. परवानगीचा कागद आला, झाडं तोडणारा रघू करवत घेऊन यायला तयार झाला, आणि नेमकी त्याच आठवड्यात माधुरी दिवाळीसाठी कल्याणहून खर्डीजवळच्या आपल्या पाड्यावर आली. शेजारच्या सकुकाकींची अंजूही भाऊबिजेला मुरबाडहून आली होती. दोघी दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. पुढे माधुरी कॉलेजला गेली, अंजूचं लग्न झालं, आणि गाठीभेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या.

"रघू म्हनतो बांधाकडं पाडू," सकुकाकी पडवीत बसून सांगत होत्या, "पन पोकळ झाडाचा काय भरोसा? फिरला तर चुलीवर येल."

"इथवर पोचनार नाय गो आये," अंजू म्हणाली, पण वर बघताना तिचाही आवाज जरा खाली आला.

माधुरीची काजल यंदा दहावीला होती. त्रिकोणमितीची उदाहरणं तिने आठवडाभर टाळली होती. माधुरीने तिला हाक मारली. "चल, पुस्तकातलं झाड सोड. हे खरं मोजू."

कोनमापकाच्या सरळ कडेला रिकाम्या पेनाची नळी चिकटवली, मधल्या खुणेतून दोरा सोडला, दोऱ्याला नट बांधला. अंजू जवळ येऊन ते बघत राहिली आणि एकदम हसली. "अगो, आपलं यंत्र!"

माधुरीच्या डोळ्यांसमोर ती दुपार जशीच्या तशी आली. शेताच्या राखणीसाठी अंजूच्या वडिलांनी, काळूरामकाकांनी, याच ऐनाच्या बेचक्यात माळा बांधला होता. गणिताच्या सरांनी उन्नत आणि अवनत कोन शिकवले, आणि दोघी घरी येताच सरावाला लागल्या. अंजू माळ्यावर चढायची, माधुरी कापलेल्या भाताच्या खाचरात उभी राहायची. खालून वर बघताना जेवढा कोन, तेवढाच वरून खाली बघताना यायला हवा. पण अंजूला दोरा स्थिर धरायचा कंटाळा. ती आधी ओरडून विचारायची, "तुझा किती आला गो?" आणि मग तोच आकडा दुप्पट आवाजात परत फेकायची. काळूरामकाका खाली विळ्याला धार लावत म्हणायचे, "पोरींनो, झाड पळून चाललंय का?" काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. माळ्याचे बांबू कधीच कुजून गळून पडले होते.

"मम्मी, कुठे उभी राहू?" काजलने विचारलं.

"साठ अंश येईपर्यंत मागेपुढे हो. मग गुणाकार सोपा."

काजल खाचरात मागे सरकत गेली. धसकटं पायाला टोचली म्हणून कुरकुरली, पण नळीतून शेंडा दिसल्यावर गप्प झाली. अंजूने दोऱ्यावर नजर ठेवली. या वेळी तिला बिलकूल कंटाळा आला नाही. साठ अंशांवर दोघींनी टेप धरली. बुंध्यापासून अंतर बारा मीटर भरलं.

"बारा गुणिले वर्गमूळ तीन," काजल पुटपुटली. "वीस पूर्णांक आठ. जवळजवळ एकवीस. आणि स्वयंपाकघराची भिंत?"

बुंध्यापासून भिंतीपर्यंत टेप लावली. साडेएकवीस मीटर.

"मग वाचलं घर!" काजलने हात झटकले.

माधुरी आणि अंजूने एकमेकींकडे पाहिलं, आणि दोघी एकाच वेळी ओरडल्या, "डोळे काय जमिनीवर ठेवून आलीस?"

काजल दचकली. त्या दोघींना मात्र हसू आवरेना. याच एका चुकीसाठी सर सगळ्या वर्गाचे गुण कापायचे, आणि प्रत्येक वेळी हेच वाक्य ऐकवायचे. अंजूने पदराने डोळे पुसले. हसण्याचं पाणी होतं की दुसरं, ते माधुरीने विचारलं नाही.

"माझी उंची राहिली," काजलच्या ध्यानात आलं. तिने स्वतःच डोळ्यांपासून खाली टेप सोडली. सुमारे दीड मीटर. "म्हणजे बावीसच्या वर. मम्मी, शेंडा थेट चुलीवर!"

सकुकाकींनी रघूला बोलावून घेतलं. त्याने पोरीचा हिशेब ऐकला, झाडाला एक फेरी मारली आणि म्हणाला, "तसं असेल तर जोखीम नको. वरनं तुकड्यातुकड्यानं उतरवतो. टाइम लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोर लावून फांद्या खाली आल्या, मग शेंडा, मग खोड. घराच्या एका कौलाला धक्का लागला नाही. दुपारी परसात सगळीकडे ओल्या लाकडाचा वास भरला होता. सकुकाकी बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. "यांनी लय सांभाळला वता," एवढंच बोलल्या आणि सगळ्यांना चहा टाकायला आत गेल्या.

अंजू आणि माधुरी पाडलेल्या खोडावर बसल्या. वर जिथे बेचकं होतं, तिथे आता नुसतं आभाळ होतं.

"तितनं तुजं घर दिसायचं," अंजू म्हणाली. "तू अभ्यासाला बसलीस की मला कळायचं. मग मीबी बसायची."

माधुरीला हे ठाऊकच नव्हतं. तिने अंजूचा हात हातात घेतला. "आज राहा ना गं. उद्या जा."

"जीप चुकली तर घरचे वरडतील," अंजू म्हणाली. पण ती उठली नाही, आणि थोड्या वेळाने तिने नवऱ्याला फोन लावून उद्या येते म्हणून सांगितलं.