रोजचा एक तांब्या

तपासनीस बाईंनी दोन नोंदवह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या आणि पेन्सिलीचं टोक रकान्यावरून हळूहळू खाली आणलं. चहाचा ट्रे घेऊन अक्का दारातच थबकल्या. पेन्सिल जिथे थांबायची तिथे नानांच्या पायाचा अंगठा चपलेत आत वळायचा. धाकट्या भावाची ही खोड अक्कांना लहानपणापासून ठाऊक होती.

“ही पलीकडच्या हवामान केंद्राची वही,” बाई म्हणाल्या. “तिथे सात, तर तुमच्याकडे सहा. तिथे साडेपाच, तर तुमच्याकडे साडेचार. ऊन तेच, वारा तोच. मग तुमच्याच पात्रातलं पाणी रोज एक मिलिमीटर कमी कसं उडतं?”

नानांनी आपली वही जरा जवळ ओढली.

“अकरा वर्षं हे असं चाललंय. महिनाअखेर तुम्ही निवृत्त होताय, म्हणून स्पष्टच विचारते. घरबसल्या आकडे टाकलेत का?”

अक्का एक पाऊल आत आल्या. पोटच्या मुलीच्या लग्नादिवशी पाहुण्यांना चहावर बसवून साडेआठच्या ठोक्याला पात्रापाशी जाऊन आलेला हा माणूस. त्याला असं विचारावं?

“नोंदी माझ्या हातच्या आहेत,” नाना म्हणाले. “चूक असली तर ती माझी.”

“असं म्हणून भागत नाही हो. कारण कळलं नाही, तर अकरा वर्षांचा रकानाच्या रकाना बाद होईल.”

अक्कांनी ट्रे खाली ठेवला.

“पाणी उडालं कमी, म्हणजे परातीत उरलं जास्त. असंच ना, बाई?”

“परात नव्हे, अक्का,” नाना सवयीने म्हणाले. “आणि तू आत जा बघू.”

“तुझं पात्र रे. जाते आत, पण एवढं सांगून.” अक्कांनी पदर सारखा केला. “बाई, त्या पात्रात मी पाणी घालते. रोज, एक तांब्या.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

यजमान गेल्यावर अक्का या घरी राहायला आल्या तेव्हाची, अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपार खायला उठायची. एकदा नाना त्यांना अंगणापलीकडच्या कुंपणात घेऊन गेले. लाकडी चौकटीवर ते रुंद, उथळ पात्र ठेवलेलं. रोज त्यातलं किती पाणी उडालं ते सकाळी मोजायचं, आणि तेवढंच भरून पातळी पुन्हा खुणेला आणायची. एवढंच काम.

“पण जातं कुठे ते?” अक्कांनी विचारलं होतं.

नानांनी काडीने मातीत रेघा ओढल्या होत्या. ही जमीन. हा तिच्यावरचा हवेचा सगळ्यात खालचा थर, दहा-पंधरा किलोमीटरचा. ढग, पाऊस, वादळं, सगळा संसार जवळपास एवढ्यातच. वर गेलेलं पाणी त्यात आठ-दहा दिवस हिंडतं आणि कुठेतरी खाली येतं.

“कुणाच्या दारात?”

“ते कुणाला सांगता येणार?”

हे अक्कांना फार आवडलं. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम धरला. दुपारची पूजा आटोपली की नाना कचेरीत असताना पात्रात एक तांब्या ओतायचा, कुणा तहानलेल्याच्या नावाने, आणि मगच ताटावर बसायचं.

“मोजणं सकाळी, मी घालणार दुपारी,” अक्का खालच्या आवाजात म्हणाल्या. “मला वाटलं, तोवर माझं पाणी वर निघून जात असेल. याच्या हिशेबात कशाला येईल?”

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. “तांब्या कुठला?”

अक्कांनी तो आणला. बाईंनी काठोकाठ भरून मोजनळीत ओतला, पात्राचा घेर आठवून कागदावर भागाकार केला. आणि तोच पुन्हा एकदा केला.

“एक मिलिमीटर,” त्या म्हणाल्या. “अगदी एक. रोज एवढाच असायचा? कधी कमी-जास्त?”

“काठाला उणा देऊन नियम कसला, बाई?”

“मग सोपं आहे. सगळ्या आकड्यांत एक मिळवायचा. तुमच्या नियमानेच रकाना वाचला म्हणायचा.” त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“थांबा,” अक्का म्हणाल्या. “चार दिवस सोडून.”

“कुठले?”

“पाच वर्षांपूर्वी, मार्चात, दहा तारखेपासून. ताप चढला होता, उठताच येईना. नियम मोडला माझा. त्या दिवसांत एक मिळवू नका, खोटं होईल ते.”

“अक्का, कशाला आता,” नाना म्हणाले.

“उलट बरं झालं,” बाई म्हणाल्या. “तेच चार दिवस साक्ष देतील. तांब्या पडला नाही म्हणजे आकडा एकाने वर उडी मारणार.” त्यांनी ती वही शोधली, पान काढलं. मोजणी सकाळी झाली तरी आकडा आदल्या तारखेपुढे असायचा. अक्काही वाकल्या. अंक त्यांना चांगले वाचता येत.

नऊ तारीख, सहा दशांश दोन. दहा तारीख, सहा दशांश तीन. मग तिन्ही दिवस पुन्हा सहा दशांश दोन. चौदालाही तेच.

उडी कुठेच नव्हती. बाईंच्या कपाळावर आठी आली. “हे जुळत नाही, अक्का. तांब्या पडला नसता, तर इथे सातच्या वर आकडा हवा होता.”

अक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. आपण खरं बोलायला गेलो आणि भावालाच खोटं पाडून बसलो. त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना खिडकीतून कुंपणाकडे बघत होते.

“त्या चार दिवसांतही एक मिळवा, मॅडम,” ते म्हणाले.

चहावर साय धरली होती.

“तुला माहीत होतं?” अक्कांनी विचारलं.

“पहिल्या आठवड्यापासून.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“बोललो असतो तर तू थांबली असतीस.”

अक्कांनी चहावरची साय चमच्याने काढायला घेतली. डोळे पुसायचे होते, पण परक्या बाईंसमोर पदर डोळ्यांना लावणं त्यांना बरं वाटेना. मग त्यांना काहीतरी आठवलं.

“तापाच्या दिवसांत तांब्या काठोकाठ भरला होतास ना रे?”

“हो.” नाना घुटमळले. “पहिल्या दिवशी चालताना थोडा सांडला.”

तपासनीस बाईंनी मान वर केली नाही. अकरा, बारा, तेरा या तारखांपुढे त्यांनी मिळवायचा एक लिहिला. दहा तारखेपुढे पेन क्षणभर थांबलं, आणि मग नीट, सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिलं, शून्य दशांश नऊ.