आधी आंघोळ, मग उंबरा

चिखलात लोळून आलेल्या कुत्र्याला तुम्ही दारातच अडवता. अंगावर पाणी ओतल्याशिवाय आत घेत नाही. मग विषात भिजून आलेल्या माणसाला तसंच घरात नेऊन गोधडी का पांघरता?

मी बोंड्या विचारतोय. कुत्रा आहे, तरी विचारतोय. दादा गेला तेव्हापासून विचारतोय. उत्तर कोणी दिलं नाही, दगड मात्र पुष्कळांनी दिले.

माझं शिक्षण म्हणाल तर सारिकाच्या मागं शाळेच्या फाटकापर्यंत. तिथून पुढं गुरुजी हाकलायचे. म्हणून मी जे सांगतो ते नाकानं सांगतो, आणि माझं नाक कधी खोटं बोललेलं नाही.

मेहकरकडच्या आमच्या गावात, माणिकरावांच्या पुढच्या खोलीत वेचलेला कापूस आढ्यापर्यंत भरला होता, त्यात माझा जन्म झाला. आई मला तिथंच विसरून गेली. माणिकरावांच्या मोठ्या पोरानं, संघपालनं, मला मानगुटीला धरून वर काढलं आणि आतल्या जनकाबाईला हाक मारली, "माय, पाह्य वं, बोंडातून काय निंगालं." तेच माझं नाव झालं. सारिका त्याची धाकटी बहीण. मला त्यानं तिच्याही पाठचा करून टाकलं. तेव्हापासून तो माझा दादा, जनकाबाई माझी माय आणि माणिकराव बाबा.

दर इतवारी माझी आंघोळ. दादा सकाळीच बादली उन्हात ठेवायचा. न्हाणीजवळच्या काळ्या दगडावर मला उभं करायचा. कानात पाणी जाऊ नये म्हणून सरकी काढलेल्या कापसाचे बोळे घालायचा. आमच्या घरी कापसाला काय तोटा! हिवरा आश्रमाच्या दुकानातून आणलेला हिरवा साबण फक्त माझा, त्याला सारिकानंही हात लावायचा नाही. मग मायची दात पडलेली फणी. कानामागच्या, बोटांच्या बेचक्यांतल्या गोचड्या तो एकेक चिमट्यानं ओढून मिठाच्या पाण्यात टाकायचा. आणि हे सगळं झाल्यावर मी सरळ उकिरड्यावर जाऊन लोळायचो. तो शिव्या देत मागं धावायचा, की पुन्हा दगड, पुन्हा साबण.

शेजारचे कचरूमामा कुंपणावरून विचारायचे, "लगन हाय काय बे संघपाल, कुत्र्याचं?"

दादा म्हणायचा, "लगन नाही मामा. भाऊ हाय माहा, घाणेरडा हाय थोडा."

एकदा मामांनीच उपाय सांगितला. कपाशीचं औषध उरतं ना डब्यात, त्यातलं टोपणभर आंघोळीच्या पाण्यात टाक, गोचड्या एका रात्रीत झडतात. आमच्याकडं बरेच जण करतात असं. विषाला माणसं औषध म्हणतात, म्हणून भीत नाहीत. पण दादा एकदम तडकला. "जे अळीवर मारतो ते भावाले लावू काय?"

माझ्या अंगाला त्यानं थेंब लागू दिला नाही. स्वतःच्या अंगाचं त्याला सुचलं नाही.

बीटी कपाशीला अळी लागत नाही, असं सांगून बियाणं विकलं होतं. त्या साली बोंड फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. कपाशी दादाच्या डोक्याच्या वर गेलेली. पाठीवर पंप घेऊन तो आत शिरला, वारा उलटा होता, फवारा त्याच्याच तोंडावर येत होता. मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून ओरडत होतो. तो हसत म्हणाला, गप बे.

संध्याकाळी तो घरी आला तो थरथरत. शर्ट पाठीला चिकटलेला. माय म्हणाली, कणकण आहे, अंगाला पाणी लागू देऊ नका. आमच्याकडं तापाच्या माणसाला पाण्यापासून जपतात. त्याच शर्टावर त्याला गोधडी घातली, वरून दुसरी घातली. मला वास येत होता. नुसता औषधाच्या डब्याचा वास! मी गोधडी ओढली, शर्ट दातात धरला. बाबांनी मला काठीनं बाहेर काढलं आणि दार लावलं.

सकाळी दादाला बुलडाण्याला दवाखान्यात नेलं. तो आला तेव्हा पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता.

दादाच्या पुण्यानुमोदनाला जमलेले लोक जेवून हात धुताना हळूच म्हणाले, पोरगं औषध प्यालं असेल. मी त्यांच्यावर धावून गेलो. एकाचा पायजमा फाडला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दादाच्या तोंडाला वास नव्हता हो! शर्टाला होता. पण माय त्या दिवसापासून कोणाशी नजर मिळवेना.

मी आंघोळ सोडली. सारिका हिरवा साबण घेऊन यायची, मी दात दाखवायचो. दादाचा हात माझ्या अंगावरून कोणी धुवायचा नाही! गोचड्या वाढल्या. ढोरांच्या डॉक्टरनं पापणी उलटून पाहिली, म्हणाला, रक्त राहिलं नाही याच्यात. मागचे पाय गेले. जाऊ द्या.

काल बाबा फवारून आले. पेरलं आहे तर फवारावं लागतंच, म्हणतात. मी पोत्यावर पडलो होतो, आणि वास आला. तोच. बाबांचे हात थरथरत होते. मी पुढच्या पायांवर अंग ओढत गेलो आणि उंबऱ्यात आडवा पडलो.

"हट बे," बाबा म्हणाले. मी गुरगुरलो. त्यांनी काठी उचलली. मी दात काढले.

माय आतून म्हणाली, "येऊ दे त्यायले, कणकण भरली असंल. अंथरूण टाकते."

सारिका बाबांच्या मागं येऊन उभी होती. तिनं त्यांच्या शर्टाला नाक लावलं आणि तिचा चेहरा उतरला. "माय, दादाच्या शर्टाले असाच वास होता. मी घडी करून ठेवला तवा आला होता मले. दादा प्याला नव्हता वं."

माय दाराला धरून खाली बसली.

सारिकानं बाबांच्या अंगावरचा शर्ट फाडून काढला, त्यांना न्हाणीकडं ओढलं आणि माझ्या दगडावर बसवलं. डोक्यावरून बादली ओतली. घरात दुसरा साबण नव्हता. "कुत्र्याच्या साबणानं?" बाबा कुरकुरले. ती म्हणाली, "गप बसा," आणि घासत राहिली. कचरूमामांना मोटारसायकल काढायला तिनं तिथूनच ओरडून सांगितलं, दवाखान्यात जायचं म्हणून. माय उठली आणि रिकामी बादली भरून आणू लागली. दोघी रडत होत्या, पण पाणी थांबलं नाही.

मामांची मोटारसायकल येईतो बाबा कोरडं धोतर नेसून दाराशी आले. मी त्यांचे पाय हुंगले, हात हुंगले. त्यांनी स्वतःच खाली वाकून मान पुढं केली, तीही हुंगली.

मग मी उंबऱ्यातून अंग बाजूला घेतलं.