बेसचा दगड

मशीन बंद पडलं नव्हतं, एवढं आधी सांगतो. बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, निदान सुखानं झोप तरी लागली असती. ते चालत होतं आणि चुकत होतं.

मी येशुदास. शिरूरला राहतो, खासगी मोजणी करतो. प्लॉट पाडा, शेततळ्याची लेव्हल काढा, पाइपलाइनला लाइन द्या, असली कामं. माझ्याकडं जीपीएसची एक जुनी जोडी आहे. त्यातलं एक मशीन ठरलेल्या दगडावर, तिवईवर बसून राहतं, त्याला आम्ही बेस म्हणतो. दुसरं काठीला लावून मी रानात हिंडतो. बसलेलं हिंडणाऱ्याला सांगतं, बाबा, तू अमुक ठिकाणी आहेस. कंपनीनं हे मॉडेल बंद करून जमाना झाला. फोन केला की तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणते, सर, तुम्ही नवीन का नाही घेत? घेतो की बाई, पैसे झाडालाच लागलेत ना!

म्हणून मीच उघडतो. बॅटरीचा डबा सुरीनं फोडायचा, आतले मेलेले सेल काढायचे, नवे सोल्डरचा डाग देऊन बसवायचे. बटणांची रबरं झिजली की टीव्हीच्या रिमोटची कापून लावायची. तारखेचं तर विचारूच नका. आकाशातल्या उपग्रहांकडून आठवड्यांचा जो आकडा येतो तो काही वर्षांनी पुन्हा शून्यावर जातो, आणि ह्या जुन्या मशीनला ते कळत नाही. सध्या त्याच्या पडद्यावर दोन हजार सहा साल चालू आहे. मोजणीला त्यानं काही फरक पडत नाही, मला पडतो. दोन हजार सहाला दबोरा होती. बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण सकाळी मशीन चालू केलं, तारीख दिसली, की आत कुणीतरी चहा टाकतंय असं वाटतं.

तर वडगाव रासाईच्या साळूबाईंचा निरोप आला. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या आणि त्यांच्या पुतण्याच्या, जयसिंगच्या, रानामधली हद्द मीच ह्या मशीननं काढून दिली होती. दोघांनाही मान्य होती. ते आकडे माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. खुणेचे दगड मात्र गेले. जयसिंगचा ट्रॅक्टर दरसाल बांधाला थोडा थोडा घासत राहिला, आणि शेवटी बांध होता का नव्हता अशी गत झाली. मधल्या काळात म्हातारीनं हद्दीला लागून दोन खोल्या बांधल्या. आता जयसिंग म्हणत होता, काकीची भिंत माझ्यात आलीय, पाडा.

“तवा तूच व्हतास न्हवं? मग आता बी तूच दाव,” म्हातारी म्हणाली. एवढा भरवसा कुणी अंगावर टाकला की मला आताशा दमायला होतं.

जुने आकडे वापरायचे तर बेसही जुन्याच जागी बसवायला लागतो. ती जागा म्हणजे गावाबाहेर लिंबाखाली मी पुरलेला काळा दगड. डोक्यावर खिळा, भोवती लाल ऑइलपेंट. जाऊन बघतो तर दगडाचा म्हसोबा झालेला. शेंदूर, चांदीचे डोळे, सिमेंटचा ओटा, नारळाच्या शेंड्या. मी काय बोलणार? मी पडलो चर्चला जाणारा माणूस. तुमचा देव म्हणजे माझा दगड, असं भर गावात म्हणायला मला काय खाज सुटली नव्हती. उलट बरंच वाटलं. हद्दीचे दगड लोक उपटतात, पण देवाला कोण हात लावतंय? ओटा दगडाभोवती बांधला असेल असं मी धरून चाललो. चपला काढल्या, खिळ्यावरचा शेंदूर नखानं खरवडला आणि देवावर तिवई उभी केली.

मग काठी घेऊन हद्दीवर गेलो. मशीन दाखवेल तिथं खुंट्या मारत गेलो. शेवटची खुंटी म्हातारीच्या न्हाणीत आली.

“बघा मामा, मशीन बोललं!” जयसिंगनं टाळीच दिली मला. “आता सोमवारी जेसीबी आणतो.”

 साळूबाईंनी खुंटीजवळची बादली तेवढी उचलून बाजूला ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मशीन जमिनीची उंचीही जुन्या आकड्यांपेक्षा फूटभर कमी दाखवत होतं. अख्खं वडगाव काय फूटभर खचलं होय? तिथंच मी ठरवलं, हे थेरडं चुकतंय.

घरी आणून जेवणाच्या टेबलावर त्याचं पोट फाडलं. रबरी पट्टी काढली, आतल्या सर्किटच्या पट्ट्या पेट्रोलनं पुसल्या, अँटेनाच्या वायरीतली मधली तार हलत होती तिला डाग दिला. आता पूर्वीसारखं जमत नाही. चष्मा लावला तर तार दिसते, तोंड वर केलं तर भिंत दिसत नाही. पुण्याहून जस्मिनचा फोन आला. “पप्पा, बास की आता. माझ्याकडं या,” लेक म्हणाली. मी म्हटलं, एका बाईची भिंत पडतीय, मग येतो. तिला काय कळणार?

वायरीचा जोड काही पक्का बसेना, म्हणून दौंडला ज्योतिबाकडं गेलो. तो माझ्याच धंद्यातला. आता काम सोडलंय, पण हेच मॉडेल त्याच्या माळ्यावर मरून पडलं होतं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं चालवून कंबर मोडली. ज्योतिबानं जोड काढून दिला, चहा पाजला, वर म्हणाला, “तारीख पण दुरुस्त करता येती ह्याची. एक युक्ती हाय, दावू का?” त्यानं दाखवली, मी बघितली. अंगात त्राण नव्हतं, एवढंच आठवतं.

सोमवारी परत वडगाव. जयसिंगचा जेसीबी घराच्या दारात येऊन थांबलेला. साळूबाईंनी भांडीकुंडी अंगणात काढून ठेवली होती.  बेस लावला, काठी घेतली, न्हाणीत गेलो. काठीचं टोक मी आधी मारलेल्याच खुंटीवर येऊन थांबलं, रेसभर इकडं नाही का तिकडं नाही. उंची तीच, फूटभर कमी.

मी तिथं बादलीवर बसलो. बिघडलेलं मशीन रोज वेगळं चुकतं, आज इकडं, उद्या तिकडं. हे एकाच जागी चुकत होतं. म्हणजे हे चुकत नव्हतंच. गाव खचलं नव्हतं, बेस वर चढला होता. आणि तो फूटभर उंच ओटा धडधडीत माझ्या डोळ्यांपुढं होता! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

“मावशी,” मी म्हटलं, “लिंबाखालचा देव कुणी हलवला?”

“म्याच,” साळूबाई म्हणाल्या. “पाण्याच्या लायनीची चारी खणत व्हते. खणणारा पोरगा म्हनला, आजी, दगड टाकून देऊ? मी म्हनलं, टाकू नगं बाबा, बाजूला नीट बसव. मग ओटा बांधला.”

“आधी कुठं होता, ते दावता येईल?”

त्या पुढं, मी मागं, आणि आमच्या मागं चिडलेला जयसिंग, असे लिंबाखाली गेलो. म्हातारीनं एका मुळीपाशी पायानं खूण केली. खुरप्यानं उकरलं तर माझ्याच हातचा सिमेंटचा गड्डा निघाला, मधे दगडाच्या आकाराची खोबण. मी टेप लावला. देव नदीच्या अंगाला पावणेतीन फूट सरकला होता. बेस जेवढा सरकतो, तेवढीच प्रत्येक खुंटी त्याच अंगाला सरकते. साळूबाईंचं घर नदीच्याच अंगाला. खुंट्या तेवढ्याच मागं घेतल्या की न्हाणी, भिंत सगळं त्यांच्यात राहत होतं. मशीनचं कामच उरलं नव्हतं, टेप पुरे होता.

मी जयसिंगला हे सांगितलं. सांगताना तो दगड मुळात मोजणीचा होता, हेही सांगावं लागलं.

“मामा, तोंड सांभाळा!” तो अंगावर आला. “आमच्या देवाला मोजणीचा दगड म्हनता? आन् काकी काय, भिंतीसाठी काय बी सांगल.”

“खरं हाय त्ये,” साळूबाई म्हणाल्या. “येशुदासनं दगड पुरला तवा शिमिट कालवायला मीच पाणी दिलं व्हतं.”

“म्हंजी ह्यो देव न्हाई? आन् तू रोज दिवा लावती?”

“देवानं कुठं तरी बसायचंच असतं. हितं बसला.” त्यांनी पदर खोचला आणि शेंदरावर हात ठेवला. “ह्यो दगड मी हलवला, आन् त्या मुळीपासनं हलवला. आता तू ठेव हात, जयसिंग. म्हन, काकी खोटं बोलती.”

जयसिंग दगडाकडं बघत राहिला. गेल्याच वर्षी त्याच्या पोराचं जावळ ह्याच ओट्यापुढं काढलं होतं. त्याचा हात उजवीकडच्या खिशातून निघालाच नाही.

“काढा त्या खुंट्या,” शेवटी तो माझ्याकडं न बघता म्हणाला, आणि जेसीबीवाल्याला फोन लावत निघून गेला.

मी टेप धरून खुंट्या मागं घेतल्या. साळूबाईंनी एकेक भांडं परत आत नेलं. मग चहा केला, माझ्यासमोर ठेवला आणि उंबऱ्यावर बसून रडल्या. मीही थोडा रडलो. दमल्यामुळं असेल.

घरी येऊन मशीन टेबलावर ठेवलं. बिचाऱ्याचं उगाच पोट फाडलं, उगाच त्याला थेरडं म्हटलं. सगळं ठीक आहे का बघायला चालू केलं. पडद्यावर दोन हजार सहा. ज्योतिबानं दाखवलेली युक्ती सोपी आहे, दोन बटणांचं काम. तारीख चुकीची आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. राहू द्या तशीच.