अध्यक्ष तुम्हीच

शाळेत मला सगळे करिअर मास्तर म्हणतात. बाई असून मास्तर. सरकारी प्रशिक्षणात पदाचं नावच तसं होतं, आणि या कामाला बाईमाणूस येईल हे कागद काढणाऱ्याच्या मनातही आलं नसावं. काम एवढंच, की मराठीचे तास सांभाळून दहावीच्या पोरापोरींना एकेक करून समोर बसवायचं आणि विचारायचं, तुला काय व्हायचं आहे? पोरगा म्हणतो, खापरखेड्याले पावरहाउसात लागाचं हाये. मग त्याला आयटीआय सांगायचं, वायरमन सांगायचं, अर्ज कुठं मिळतो ते सांगायचं. पोरगी तर तोंडच उघडत नाही. तिला मी दरडावते. म्हणते, बोल, तुझ्या मनातलं दुसरा कोणी येऊन सांगणार नाही. माझा हा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जातो असं म्हणतात, जाऊ दे.

अशा मास्तरांचा जिल्ह्यात एक संघ आहे, मार्गदर्शक शिक्षक संघ. वर्षातून एकदा सभा, दोन वर्षांनी निवडणूक. मी त्याची सहचिटणीस होते. सहचिटणीस म्हणजे पोस्टकार्डं लिहायची, सतरंज्या आणवायच्या, पोह्यांचं सांगायचं, आणि आभाराच्या भाषणात वेळ उरला तर शेवटी आपलं नाव ऐकायचं. दहा वर्षं मी या लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. कोणी सांगितलं नव्हतं, हेही खरंच.

अठ्ठ्याहत्तर साली मला त्या संघाचं अध्यक्ष व्हायचं होतं. काहून, ते सांगते. मी मराठी शिकवते, शुद्ध बोलते, पण आतून काही आलं की माझ्या तोंडून 'काहून'च निघतं. जुन्या अध्यक्षांच्या धंतोलीतल्या घरी मी सह्या घ्यायला जायची, तेव्हा त्यांच्या ओट्यावर चपला मावत नसत. कोणी बदलीचं विचारायला आलेला, कोणी भाच्याच्या प्रवेशाचं, कोणी नुसताच बसायला. मी अमरावती रोडवर वाडीत राहते, गोदामांच्या मागच्या चाळीत, एका खोलीत. लग्न केलं नाही. आई होती तोवर दारात दोन जोड असायचे. ती गेल्यावर एकच राहिला. माझा बाप छपन्न साली दीक्षाभूमीवर उभा राहिलेला माणूस. त्यानं मला शिकवलं ते काही चपला मोजायला नाही. पण मला माझ्या दारात चपला पाहिजे होत्या. चारचौघांत सांगण्यासारखं हे कारण नाही, म्हणून मी सांगत नसे. मी म्हणायची, संघात नवं काही करता येईल.

हे मी बाबारावांच्या कानावर घातलं होतं. बाबाराव कळमेश्वरच्या शाळेतले, संघाचे चिटणीस. मनानं सरळ, तोंडानं गोड. त्यांना मी एवढंच म्हटलं, "यंदा मी अध्यक्षपदाचा विचार करते आहे." ते म्हणाले, "पाहू ना बाई." आमच्याकडे 'पाहू ना' म्हणजे काय, हे मला कळायला पाहिजे होतं.

सभेच्या आधीच्या रविवारी बाबाराव सायकल घेऊन वाडीला आले. माझ्या दारात त्यांनी चपला काढल्या आणि मला उगाचच बरं वाटलं. बाजेवर बसून पाणी प्यायले, घाम पुसला आणि म्हणाले, "बाई, यंदा अध्यक्ष कोण, हा मोठा डोक्याले ताप होता. सुटला एकदाचा. तुमचं नाव काढलं, अन् सारे हाव म्हणाले. एकानंही ना म्हटलं नाही."

"सगळे?" मी विचारलं.

"सारे. अध्यक्ष तुम्हीच. भाषण तेवढं तयार करून आणजा, लहानसं."

मी चहा टाकला. साखर जास्त पडली. आणखी काही विचारावं असं मला वाटलंच नाही. विचारायचं काय त्यात? माणूस घरी येऊन सांगतो, अध्यक्ष तुम्हीच. मराठीच्या बाईला एवढं वाक्य कळू नये?

शेजारच्या खोलीत वच्छला राहते. नवरा ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंगला. बाबारावांची सायकल वळण्याआधी ती दारात हजर. तिला सांगितलं, आणि मग चाळीत आणखी कोणाला सांगायची गरज उरली नाही. ती म्हणाली, "बाई, रविवारी तुम्ही आल्या का आम्ही साऱ्या येतो चहाले. पण तुमच्याकडे कप किती हायेत?"

दोन होते. दुसरा आई गेल्यापासून फळीवर पालथाच होता. वच्छलानं तिचे चार कप आणून दिले, निळ्या काठाचे, बश्यांसकट. मी शहरात जाऊन बर्डीवरून संत्रा बर्फी आणून ठेवली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. पण आठवडाभर मला ते सहा कप ओळीनं दिसायचे आणि शाळेतून घरी यावंसं वाटायचं, जे एरवी वाटत नाही.

सभा बर्डीवरच्या एका शाळेत होती. मी मोरपंखी काठाची साडी नेसले होते. सतरंज्या या वेळी दुसऱ्या कोणी आणवल्या होत्या, पोह्यांचाही वास येत होता, आणि मला चक्क काही काम नव्हतं. बाबारावांनी मला पहिल्या रांगेत बसवलं. भाषण पर्समध्ये होतं. त्यात मी गावोगावच्या मुलींचं लिहिलं होतं, आणि खरं सांगते, चांगलं लिहिलं होतं.

घंटा झाली. बाबाराव उभे राहिले. सभेत त्यांची भाषा बदलते. म्हणाले, "दरवर्षी आपल्या सभेला बाहेरून थोर पाहुणे लाभतात. यंदा निवृत्त शिक्षणाधिकारी साहेबांची प्रकृती सभा तोंडावर असताना बिघडली. तेव्हा आजच्या सभेचं अध्यक्षस्थान आपल्या ज्येष्ठ सहकारी चारुशीला रामटेके यांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "माझं अनुमोदन आहे."

टाळ्या झाल्या. चांगल्या मोठ्या झाल्या. मी हसतच उठले, आणि स्टेजच्या पहिल्या पायरीवर मला कळलं. आजच्या सभेचं. संघाचं नाही. आजच्या सभेचं.

तोवर मी खुर्चीपाशी पोचले होते आणि गळ्यात झेंडूचा हार पडला होता. समोर कार्यक्रमपत्रिका होती. पहिला विषय, गेल्या सभेचा वृत्तांत. दुसरा विषय, नवीन अध्यक्षाची निवड. आणि जो सभा चालवतो तो निवडणुकीला उभा राहत नाही, हा नियम मला पाठ होता. दहा वर्षं तो मीच पोस्टकार्डावर लिहून पाठवत होते. आजवर त्या खुर्चीत बाहेरचाच माणूस बसायचा, त्यामुळे त्या नियमाचा काटा आपल्याला कधी टोचेल हे मनातही आलं नव्हतं.

मी बाबारावांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, डाव असेल. डाव असता तर मी भांडले असते, भांडायला मी कमी नाही. पण ते कौतुकानं माझ्याकडे पाहत होते. आपण बाईंना केवढा मान दिला, या समाधानात होते. अशा माणसाशी भांडता येत नाही, आणि तेच मला फार लागलं. दहा वर्षांत त्यांनी माझं एक वाक्य ऐकलं नव्हतं.

दुसरा विषय आला. मीच पुकारला. एकानं चंपतराव भोयर यांचं नाव सुचवलं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. चंपतराव तीन वर्षांपूर्वी संघात आलेले, विज्ञान शिकवणारे, स्कूटरवाले. माणूस वाईट नाही. पहिल्या रांगेतून त्यांनी मला नमस्कार केला.

रीत अशी, की अध्यक्षानं तीनदा विचारायचं. मी विचारलं, "आणखी कोणाचं नाव?"

वरचा पंखा कुरकुरत होता. मी थांबले. नुसतं एकानं उठून म्हणायचं होतं, बाईंचं नाव सुचवतो. मी खुर्ची सोडली असती. नियमाला वाट काढता आली असती, पण वाट काढायला आधी कोणाला तरी तसं वाटायला पाहिजे. मी एकेका चेहऱ्याकडे पाहत गेले. यातल्या अर्ध्या लोकांना मीच पोस्टकार्डं लिहून संघात आणलं होतं. कोणी माझ्या नजरेला हसून मान डोलावली, कोणी घड्याळ पाहिलं.

"आणखी कोणाचं नाव?" मी दुसऱ्यांदा विचारलं. माझा फाटकापर्यंत जाणारा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही गेला नसेल.

मग मला माझ्याच पोरी आठवल्या. समोर बसून बोटं मोडणाऱ्या. तोंड उघड, तुझ्या मनातलं दुसरा कोणी येऊन सांगणार नाही. किती जणींना मी हे दरडावून सांगितलं असेल. मी टेबलाला हात धरून उभी राहिले आणि म्हटलं, "तिसऱ्यांदा विचारण्याआधी मला एक सांगायचं आहे. मला अध्यक्ष व्हायचं आहे."

मग बाबाराव हसले. अगदी प्रेमानं हसले. म्हणाले, "अहो बाई, तुम्ही अध्यक्षच आहात की!"

सगळी सभा हसली. चंपतराव हसले. मागच्या रांगेतल्या एकानं टाळी वाजवली, तशा सगळ्यांनीच वाजवल्या. बाईंना विनोद चांगला करता येतो, असं कोणीतरी शेजारच्याला म्हणालं, ते मला वर ऐकू आलं. मी सांगायला गेले, की तसं नाही, मी संघाचं म्हणते आहे. पण टाळ्या चालू होत्या, आणि टाळ्या थांबेपर्यंत माझ्यातलं बळ सरलं. जे सांगायला दहा वर्षं लागली ते दुसऱ्यांदा सांगायला मला जमलं नाही.

मी खाली बसले. तिसऱ्यांदा विचारलं, आणि चंपतराव भोयर बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर केलं. त्यांना हार मीच घातला. भाषण पर्समधून काढलंच नाही. पोहे खाताना बाबाराव जवळ आले, म्हणाले, "बाई, झकास सभा चालवली तुम्ही. पुढच्या वर्षीही तुम्हालेच बसवतो." मी म्हटलं, "पाहू ना."

वाडीच्या बसमध्ये मी हार काढून पिशवीत टाकायला पाहिजे होता. टाकला नाही. विसरले म्हणू, की आणखी काही म्हणू, मला माहीत नाही. चाळीच्या तोंडाशी वच्छलानं मला पाहिलं ते हारासकट.

"झाल्या ना वं बाई अध्यक्ष?" ती ओरडली.

"झाले," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

अर्ध्या तासात खोली भरली. वच्छला, तिची सासू, पलीकडच्या दोघी, एकीचा ड्रायव्हर नवरा दाराशी उभा. सहाही कपांतून सगळ्यांनी चहा घेतला, बर्फी खाल्ली, हाराला हात लावून पाहिला. सासूबाईंनी माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. दारात चपला एवढ्या झाल्या की ड्रायव्हरला पाय ठेवायला जागा नव्हती. मी त्या चपलांकडे पाहत बसले. ज्यासाठी सगळा अट्टाहास केला ते समोर होतं आणि त्यातलं काहीच माझं नव्हतं. आईच्या कपातून सासूबाई चहा पीत होत्या. मला रडू येत होतं आणि सगळ्यांना वाटलं आनंदानं.

"किती वर्साचं हाये बाई हे अध्यक्षपद?" ड्रायव्हरनं विचारलं.

आता खरं सांगावं, असं वाटलं. दुपारी सांगून पाहिलं होतं, त्याचं काय झालं तेही आठवलं.

"दोन वर्षं," मी म्हटलं.

सगळे गेले. ट्रकांचे हॉर्न पुन्हा ऐकू यायला लागले. वच्छला मागं राहिली, तिनं माझ्या मोरीत कप धुतले आणि ओळीनं फळीवर ठेवले.

"तुझे चार घेऊन जा," मी म्हटलं.

"राहू द्या तुमच्याचजवळ," ती म्हणाली. "आता लोकं येत जातीन तुमच्याकडे. लागतीन."

ती गेली. तिचे कप माझ्या कपांशेजारी मी पालथे घातले.